समोरून येणारी रिंग

कॉलेजात आम्ही मुली रिंग टेनिस खेळायचो. आडवी जाणारी रिंग मी सहज झेलायची, पण सरळ अंगावर येणारी कधीच नाही. ती अजून लांब आहे असं वाटायचं आणि तेवढ्यात तोंडावर आदळायची. एकदा ओठ फुटला. मैत्रिणी हसल्या, मीही हसले आणि खेळायला जाणंच सोडलं. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी मात्र सुजलेला ओठ पाहून मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "वस्तू जवळ येते तसे दोन्ही डोळे नाकाकडे वळतात. ती येतेय, किती वेगानं येतेय, हे मेंदूला त्या वळण्यावरूनही कळतं. तुझे डोळे अर्ध्यावरच थांबतात."

उपाय साधा होता. पेन्सिल लांब धरायची आणि टोकावरची नजर न हलवता ती हळूहळू नाकाशी आणायची.

चामराजपेटच्या आमच्या घरात चांगला उजेड फक्त रस्त्याकडच्या खिडकीत. मी रोज तिथेच बसून हा सराव करायची. रस्त्यापलीकडे समोर एक कानडी अक्का राहायच्या, आईच्या वयाच्या. त्यांचा एक डोळा जन्मापासून तिरळा होता.

एके सकाळी त्या आईला म्हणाल्या, "माझा डोळा मला आरशात दिसतो. तुझ्या लेकीनं रोज करून दाखवायला नको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेन्सिल घेऊन मी त्यांच्याकडे गेले. 'तिरळा' हा शब्द टाळत, अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी हात पुढे केला. मग म्हणाल्या, "दे बघू स्वल्प, जरा."

त्यांनी पेन्सिल नाकाकडे आणली. एक डोळा तिच्यामागे वळला, दुसरा होता तिथेच राहिला.

"माझा होईल का गं सरळ?"

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना विचारलं. अशा डोळ्याला या सरावाचा उपयोग नाही, असं ते म्हणाले. ते अक्कांना मलाच सांगावं लागलं.

"सरी, बरं," म्हणाल्या आणि अवरेच्या शेंगा सोलत राहिल्या.

काही महिन्यांत माझे डोळे सुधारले. मी पुन्हा खेळू लागले, पण घरी येताना रिंग पदराखाली झाकायची. एका संध्याकाळी अक्कांनी दारातून हाक मारली.

"आता झेलतेस ना?"

"हो," म्हणाले. पण त्यांच्या कुठल्या डोळ्याकडे बघून बोलावं ते कळेना, म्हणून खाली मान घालून उभी राहिले.