चाळणीबाईंचे अठ्ठ्याण्णव गुण

शाळांना फुकट वापरता येणारे खुले ऑनलाइन वर्ग तपासून प्रमाणपत्र देणे हे चाळणीबाईंचे काम. हे नाव कचेरीनेच ठेवलेले, कारण त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. बाकीचे तपासनीस यादीवर खुणा करत. बाई मात्र पाचवीतली आगाऊ मुलगी बनून वर्गात शिरत आणि जमतील तेवढ्या खोड्या काढत.

त्या दिवशीचा वर्ग त्यांच्या भाच्याने बनवला होता. संध्याकाळपर्यंत प्रमाणपत्र मिळाले नाही, तर वर्षभर एकही शाळा तो वर्ग घेणार नव्हती.

सव्वाअकराला बाईंनी त्याला बोलावले. "बघ, गणितात मला अठ्ठ्याण्णव!"

"मावशी, तू पेपर सोडवलास?"

"छे! शिक्षकांच्या गुणपत्रकात शिरले आणि स्वतःच घातले. कुणी हटकलंसुद्धा नाही."

भाच्याचा चेहरा पडला. "घरचाच आहे गं मी. आज सही कर, उद्या दुरुस्त करतो."

"घरच्यांचेच कान आधी पिळायचे असतात. बस तिथे आणि दुरुस्त कर."

पावणेपाचला बाई पुन्हा आत शिरल्या. आता त्यांना शंभर हवे होते, पण गुणपत्रक काही केल्या उघडेना. तेवढ्यात फोन वाजला. त्या खोट्या मुलीची पालक म्हणून बाईंनी आपल्या थोरल्या बहिणीचा नंबर दिला होता, आणि वर्गाने तिला तक्रार धाडली होती.

"केस पिकले तरी गुण चोरतेस?" ताई कडाडली. "मला शाळेत बोलावलंय!"

"ठेव फोन," बाई खुशीत म्हणाल्या, "तुझ्या लेकाच्या प्रमाणपत्रावर सही करायचीय."