पठ्ठ्याचा जित्ता घास

"बोट काढ! काढ बोट बाहेर, नाय तर मनगटापासून उपटून पठ्ठ्याच्या म्होरं टाकीन!"

ही गर्जना ठाण्याच्या तलावापासून खाडीपर्यंत ऐकू गेली. मी पदरचं काही घालत नाही. त्या आवाजानं खाडीतल्या एका मचव्यानं घाबरून मधेच नांगर टाकला, असं मला खुद्द मचव्याच्या मालकानं सांगितलं. गर्जणारा होता आमच्या शेजारी भाऊ शिरस्तेदारांच्या परसात राहणारा तांडेल, आणि ज्याचं बोट धोक्यात होतं तो भाऊंची हजामत करायला आलेला न्हावी. गोठ्याच्या पडवीत काचेच्या बरणीत एक मासा दिसला, तेव्हा तलावातल्या माशांना घालतात तशा चार लाह्या त्यानं पुण्य म्हणून टाकल्या, आणि त्या बुडेनात म्हणून बोटानं ढकलल्या. एवढाच बिचाऱ्याचा गुन्हा.

तांडेलाची मूठ वर गेली. मूठ कसली, देठासकट फणस तो! न्हाव्यानं डोळे मिटून घेतले. पण मूठ खाली आलीच नाही. तांडेल गर्रकन वळला, गुरांच्या डोणीकडे धावला, करवंटीत पाणी भरून आणलं आणि त्यातली डासाची एक वळवळती अळी काडीच्या टोकानं बरणीत सोडली.

तोवर तो मासा म्हणजे करंगळीएवढा गाळाचा तुकडा होता. अळी दिसताच पेटला. गालफडं फुगवून त्यानं गळ्याखाली दाढीसारखी झालर उभारली, अंगावर मोरपिसाचा निळा आणि रक्ताचा लाल एकदम चढला, आणि एका झेपेत अळीची दोन शकलं झाली. एक पोटात गेलं, दुसरं खाली पोचायच्या आत तेही गेलं. तांडेलानं लांब श्वास सोडला. मूठ आपोआप उघडली.

"मेलेलं कावळ्याला," तो न्हाव्याला अगदी मऊ आवाजात म्हणाला. "माजा पठ्ठ्या जित्ता घास खातो."

त्या दिवशी भाऊ अर्धी दाढी घेऊनच कचेरीत गेले. न्हावी परत आलाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, भाऊंसारख्या सोवळ्याओवळ्याच्या शिरस्तेदाराच्या परसात हा दर्यावर्दी कसा? तर एकदा भाऊ खाडी ओलांडत असता होडी उलटली. तांडेल पोहत गेला. भाऊंनी जिवाच्या आकांतानं त्याच्या गळ्याला मिठी मारली, तेव्हा त्यानं आधी भाऊंच्या जबड्यावर एक ठोसा लगावला आणि मग निपचित पडलेल्या भाऊंना शेंडी धरून काठावर ओढलं. भाऊंचे डावीकडचे दोन दात खाडीत राहिले, भाऊ मात्र बाहेर आले. त्यांनी गोठ्यामागची पडवी त्याला कायमची राहायला दिली. ताक पिताना त्या खिंडारातून ओघळ आला की म्हणत, "प्राण वाचवणाऱ्याचा ठोसा हो. गोड मानून घ्यावा."

गलबतावर तांडेल असताना त्यानं किती माणसं लोळवली याचा हिशेब समुद्रालाच ठाऊक. पण शेवटचा माणूस मात्र आम्हां सगळ्यांना माहीत होता. त्याचा जावई. खाडीकाठच्या बाळकुम गावात दिलेल्या लेकीला जावयानं थोबाडीत मारली, तेव्हा तांडेलानं त्याला उचलून होडीतून फेकला. ओहोटी होती. खाली पाणी नव्हतं, कालवांचे खडक होते. जावई जन्माचा लंगडा झाला. लेक बापाच्या दारात येऊन म्हणाली, "बा, पुन्हा कोनावर हात टाकलास तर तुला लेक नाय, नातू बी नाय."

तांडेलानं शपथ घेतली. पण शपथ घेतली म्हणून राग थोडाच जातो? तो पोटात खदखदायचा. तेव्हापासून राग आला की तो पठ्ठ्याकडे धावायचा, जित्ता घास टाकायचा आणि टक लावून बघत बसायचा. सयाम देशाच्या शेवटच्या फेरीत त्यानं हा मासा आणला होता. तिथं म्हणे लोक या माशांच्या झुंजी लावतात आणि पैजेत बायकापोरंसुद्धा हरतात. "माजा राग तो खातो," तांडेल सांगायचा. "म्या जेवतो भात, तो जेवतो राग."

घास भरवताना मात्र त्याचे हात सुईणीचे व्हायचे. डोणीतलं पाणी आधी फडक्यातून गाळायचं. मग बाया तांदळातले खडे निवडतात तशा अळ्या निवडायच्या. मऊ त्या पठ्ठ्याला, तोंडाला आकडे असलेलं काही सापडलं तर दगडाखाली. "दात असल्याला कदी पानात वाढू नये," हा त्याचा कायदा. आणि भरवायचंही बेतानं. मी एकदा म्हटलं, "अरे, मूठभर टाक की!" तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी माझ्या दातांवरून जीभ फिरवून घेतली.

आषाढ लागला आणि भाऊंनी नियम धरला: चातुर्मासात आपल्या कुंपणाच्या आत जीवहत्या होता कामा नये. तांडेलाचा चेहरा पडला. भाऊ पडले कचेरीतले. त्यांनी लगेच निवाडा दिला. "तांडेला, बरणी उचल आणि रस्त्यावर जाऊन भरव. पलीकडचं पाप म्युनिसिपालटीचं."

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मिरवणूक निघू लागली. पुढे तांडेल छातीशी बरणी धरून, मागे सगळी आळी. फाटकाबाहेर पाऊल पडलं की घास सुटायचा आणि कत्तल सुरू व्हायची. लोक ओरडायचे, "धर! फाड! घे तंगडी!" अळीला तंगडी नसते, हे कुणाच्याच ध्यानात यायचं नाही. म्हातारी माणसं तीर्थयात्रेचा बेत रहित करून थांबली. एका मामलेदाराची बग्गी या गर्दीत अडकली तर तो खाली उतरून "वन्स मोअर" म्हणाला. आतल्या बाजूला भाऊ तुळशीकडे तोंड करून जप करत, पण आरोळी उठली की जपाची माळ थांबे, हे मी पाहिलेलं आहे.

श्रावणात तांडेल हिवतापानं आडवा झाला. असा कुडकुडायचा की पडवीची कौलं वाजत. लेक बाळकुमहून पोराला काखेला मारून आली आणि उशाशी बसली. शुद्धीवर आला की तो एकच विचारी, "पठ्ठ्याला कोनी घातलं?" कुणी घातलं नव्हतं. तापातल्या तांडेलाच्या बरणीला हात लावायला आळीत कोण तयार होणार?

भाऊंना ते ऐकवेना. ज्यांनी जन्मात कधी मुंगी चुकवल्याशिवाय पाऊल टाकलं नाही, ते भाऊ सकाळी तांब्या घेऊन तलावावर गेले. तिथलं पाणी मोठं, अळ्या पोसलेल्या. आजाऱ्याच्या माशाला जरा चांगलं खायला घालावं, असा त्यांचा प्रेमाचा हिशेब. मी कचेरीला निघालो होतो. फाटकाबाहेर भाऊ बरणीसमोर उभे दिसले. त्यांनी मान वळवली, पाप दिसू नये म्हणून डोळे घट्ट मिटले, "श्रीकृष्णार्पणमस्तु" म्हणाले आणि तांब्या तसाच उपडा केला. गाळणं नाही, निवडणं नाही.

अळ्यांबरोबर एक काळा किडा आत गेला. बोटाच्या पेराएवढा, तोंडाला आडकित्ता.

पठ्ठ्या उपाशी होता. समोर आलं त्याच्यावर तुटून पडला. आडकित्ता मिटला तो त्याच्या गळ्याखाली. मी पुष्कळ दंगे पाहिलेत, पण तसली झुंज पुन्हा पाहिली नाही. पठ्ठ्यानं त्याला काचेवर आपटला, तळाशी रगडला, निळा झाला, लाल झाला, जांभळा झाला. पाण्यात रक्ताचा बारीक दोरा सुटला. त्यानं किड्याचे दोन पाय तोडले, पण पकड सुटेना. "सोड! सोड त्याला, मेल्या!" भाऊ ओरडत बरणी घेऊन आत पळाले, तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली आणि मासळीचा वास आला तरी आंघोळ करणाऱ्या त्या माणसानं कोपरापर्यंत हात आत घातला. पकड सुटून पठ्ठ्या त्यांच्या तळहातावर आला तेव्हा पुन्हा गाळाच्या रंगाचा झाला होता, आणि कल्लेही हलत नव्हते.

गलबला ऐकून तांडेल पडवीतून बाहेर आला. डोळे तापानं लाल, घोंगडी मागे फरफटत. त्यानं भाऊंचा हात पाहिला. सगळी आळी भिंतीला चिकटली.

"तांडेला," भाऊ म्हणाले, "मी गाळलं नाही. डोळे मिटले होते." मग पगडी काढून कट्ट्यावर ठेवली आणि मान पुढे केली. "मार. उजवीकडचे दात शाबूत आहेत."

मूठ वर गेली. मागे दारात लेक उभी होती, पोर काखेला. तांडेल सवयीनं बरणीकडे वळला. आपला राग खाणारं कुणीतरी तिथं असेल म्हणून बघत राहिला. आत फक्त तो किडा फिरत होता, तुटक्या पायांनी, आडकित्ता उघडा ठेवून.

मूठ बरणीवर पडली. काचेचे तुकडे माझ्या अंगरख्यापर्यंत उडाले. रक्तानं भरलेल्या त्या हातानं तांडेलानं किडा चिमटीत धरला. आता चिरडणार, असं वाटलं. पण तो चालू लागला. अंगण ओलांडलं, फाटक उघडलं, कुंपणाबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला. आणि तिथं तो किडा जिवंतच तोंडात टाकून त्यानं कडाकडा चावला. कडाकडा! तो आवाज मी अजून सुपारी फोडताना ऐकतो. आकडा ओठात रुतला होता, हनुवटीवरून रक्त ओघळत होतं, आणि डोळ्यांतूनही काही ओघळत होतं. गिळून झाल्यावर त्यानं मूठ उघडली.

लेकीनं पदर फाडून त्याचा हात बांधला. ताप उतरल्यावर ती त्याला बाळकुमलाच घेऊन गेली. पडवी रिकामी झाली. भाऊंनी ती डोण मात्र कधी उपसू दिली नाही. तिच्यात अळ्या वळवळत राहिल्या, खाणारं कुणी नसताना.

पुढे खाडीकाठी तो मला एकदा दिसला. एका बाजूला लंगडा जावई जाळं विणत होता, दुसरं टोक तांडेलानं धरलं होतं, आणि नातू त्याच्या खांद्यावर बसून कान ओढत होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मला राहवेना.

"काय रे तांडेला, त्या दिवशी भाऊंना सोडलंस कसं?"

त्यानं जाळ्याची गाठ दातानं आवळली.

"चातुर्मास होता."