दादाचे चार डेस्कटॉप

नकाशा कार्यालयातल्या या थोरल्या कारकुनाला घरीदारी सगळे दादा म्हणत, आणि त्या हाकेनेच तो आयुष्यभर फुगत आला. बावन्न वर्षांत त्याने विद्या एकच कमावली होती, संगणकाच्या एका पडद्यावर चार डेस्कटॉप मांडायची. बटणं दाबली की एक सरकायचा, दुसरा यायचा. एवढ्या भांडवलावर स्वारी खानदानाची संगणकतज्ज्ञ झाली होती. कुणाचाही अर्ज असो, हा ओढून घ्यायचा आणि वर बजावायचा, "तुम्ही हात लावू नका, बिघडवाल."

धाकट्या बहिणीने त्याचं हे नाकाने कांदे सोलणं वर्षानुवर्षं ऐकून घेतलं होतं. ती इस्पितळात परिचारिका. वॉर्डातल्या तीस खाटांवरची माणसं ती पाठमोरी ओळखायची. असल्या बाईने वरिष्ठ परिचारिकेच्या प्रशिक्षणाचा आपला अर्ज या महाभागाच्या हाती का द्यावा? दिला खरा. आईने गळ घातली होती, "नाहीतर दादाला वाईट वाटेल गं." पुढच्या वर्षी तिचं वय अटीबाहेर जाणार होतं, तेव्हा संधी ही एवढीच. दादा म्हणाला होता, "समज, पाठवला." दोन महिने झाले तरी पोच आली नाही. शेवटच्या दिवशी चार वाजता ती गणवेशातच त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. मुदत पाचपर्यंत होती.

"बस तरी! आधी गंमत बघ," दादा म्हणाला. गंमत दाखवल्याशिवाय हा माणूस पाणीसुद्धा पाजत नसे. "चार डेस्कटॉप म्हणजे गोंधळ होतो लोकांचा. माझा नाही होत. मी प्रत्येकावर फोटो लावलाय."

पहिल्यावर साहेब, गळ्यात हार घालून हसणारे. दुसऱ्यावर खुद्द दादा, काळा चष्मा लावून. तिसऱ्यावर बर्फाचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी अर्धवट सोडलेला पत्त्यांचा डाव. आणि चौथ्यावर ती स्वतः. क्षणभर तिला बरं वाटलं, हे कबूल करायलाच हवं.

मग तिने फोटोवर मांडलेल्या फाइलींची नावं वाचली. आईच्या डोळ्यांच्या तपासणीचं पत्र, गेल्या वर्षीचं. घरातल्या गळक्या नळाची तक्रार, न पाठवलेली. आणि तिचा अर्ज, फक्त नाव भरलेला.

"पाठवला म्हणाला होतास."

"पाठवणारच होतो गं. पण मी दिवसभर साहेबांवर असतो ना! तुझा फोटो आला की मला बरोबर कळतं, हे आज नाही केलं तरी चालतं." हे त्याने कौतुकाने सांगितलं. लाज नावाची वस्तू त्याच्या गावीही नव्हती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ऊठ."

"अगं, बिघडव..."

"ऊठ म्हटलं ना."

तो उठला. ती बसली आणि एकेक रकाना भरत गेली. दाखले तिच्या पर्समधल्या पेन ड्राइव्हमध्ये होतेच. दादा मागे उभा राहून "हळू, हळू" करत होता, जणू तोच भरत होता. पाचला बारा मिनिटं कमी असताना पोच आली. दादाने लगेच शेजारच्या टेबलाला ऐकवलं, "वेगळं ठेवलं होतं म्हणून सापडलं बघा झटकन!"

ती उठली नाही. आईचं पत्र, नळाची तक्रार, घरचं जे जे होतं ते तिने पेन ड्राइव्हवर घेतलं आणि संगणकावरून पुसून टाकलं. शेवटी आपला फोटोही काढला. चौथा डेस्कटॉप काळा झाला.

"हे काय केलंस? आता हा मला ओळखू कसा येणार?"

"आमचं काही राहिलं नाही तिथे, दादा. लाव कुणालाही," ती म्हणाली आणि वॉर्डाकडे निघाली.

ती जिना उतरेपर्यंत दादाने तिथेही साहेबांना लावलं होतं.