जाळं मिटलं की अंगठा

आमच्या हॉलमध्ये त्याला सगळे अंगठेबहाद्दर म्हणायचे. माणूस आम्हा सर्वांत जास्त शिकलेला, म्हणून तर हे नाव चिकटलं, आणि त्यालाही ते आवडायचं. चंद्राभोवतीचा कचरा काढणाऱ्या बारा खुर्च्यांपैकी खिडकीजवळची त्याची, तिच्या शेजारची माझी. मी त्याची शिक्षिका. त्याचा हात मी घडवला, हे मी त्या काळात येईल त्याला ऐकवत असे. हल्ली कुणी विचारलं तर विषय बदलते.

आधी काम समजून घ्या, कारण लोकांना वाटतं आम्ही तिथे बसून व्हिडिओ गेम खेळायचो. चंद्रावर पाळणा बांधायचा होता. पाळणा म्हणजे चंद्राच्या जमिनीपासून वर हजारो किलोमीटर गेलेला एक पट्टा आणि त्यावरून वरखाली करणारी लिफ्ट. तो पट्टा लावायच्या आधी चंद्राभोवती फिरणारी एकूण एक वस्तू काढणं भाग होतं. बंद पडलेले उपग्रह, रिकाम्या टाक्या, कुणाच्या तरी हातून निसटलेला पाना. पान्याला हसू नका, त्या वेगानं आलेला पाना पट्टा आरपार कापतो. आमची छोटी यानं वस्तूजवळ जायची, जाळं टाकायची, आणि जाळं मिटलं की ते गाठोडं चंद्राच्या पलीकडच्या बाजूच्या एका खड्ड्यात पडेल असं ढकलून द्यायची. ढकलायचं बटण उजव्या अंगठ्याखाली असायचं.

आता इथून दिलेला हुकूम तिथे पोचायला सव्वा सेकंद लागतो आणि तिथलं चित्र परत यायला आणखी सव्वा. जाळ्यातली वस्तू गिरक्या घेत असते. विचार करत बसलात की ती जाळ्यासकट यानाभोवती गुंडाळली जाते. अशी दोन यानं आम्ही घालवली. म्हणून मी एकच मंत्र शिकवायचे, जाळं मिटलं की अंगठा. मध्ये श्वाससुद्धा घ्यायचा नाही. ज्याचा अंगठा रेंगाळला त्याच्या मनगटावर मी पट्टी मारत असे, मग तो दोन मुलांचा बाप का असेना. पूर्वी बटण दाबल्यावर पडद्यावर 'नक्की?' असा प्रश्न यायचा. तो मी भांडून काढायला लावला. साहेब कुरकुरले, पण सही केली. एकोणीस वर्षं अंगठेबहाद्दरानं तसंच काम केलं आणि एकही यान गमावलं नाही.

घरी तो थोरला. धाकटा भाऊ वर, चंद्राभोवती फिरणाऱ्या कारखान्यात, पाळण्याच्या पट्ट्याचे तुकडे जोडायचा. मी एकदा त्यांच्याकडे चहाला गेले होते. दोन खोल्या, भिंतीवर धाकट्याचे चार फोटो, चारही अंतराळपोशाखात. थोरला कुठे आहे म्हणून मी शोधलं, तर एका फोटोच्या कडेला त्याचं कोपर दिसलं. आई कप पुढे करत म्हणाली, "माझा एक मुलगा चंद्राला पाळणा बांधतो. दुसरा तिथला केर काढतो." थोरला हसला. त्याला वाटलं मीही हसेन, आणि मी हसलेही.

मग एका सकाळी धाकट्याच्या कमरेच्या दोरीची कडी निसटली आणि तो कारखान्यापासून दूर जाऊ लागला. जवळ नऊ तासांची हवा होती. कारखान्यापाशी मागे धाडायला यान नव्हतं, आणि आमचं सर्वांत जवळचं यान दोन दिवसांच्या अंतरावर. हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्याचा रेडिओ मात्र शेवटपर्यंत चालू राहिला, आणि आठव्या तासाला त्यानं विचारलं, "दादा, येतोयस ना?"

"निघालोय," थोरला म्हणाला. तेवढं खरं होतं, यान निघालं होतं. हवा संपल्यावर ते परत बोलावलं गेलं.

अठरा दिवसांनी धाकटा आमच्या यादीत एका नंबरानं आला. चंद्राभोवती फिरणारी, उत्तर न देणारी वस्तू. तिचा मार्ग पट्ट्याच्या जागेवरून जात होता. साहेब म्हणाले, इतरांसारखंच खड्ड्यात टाका, तारीख जवळ आलीय. त्या दिवशी मी टेबलावर हात आपटला आणि म्हटलं, त्याला कारखान्यात पोचवू, तिथून घरी पाठवू. शेवटी साहेब कबूल झाले, पण यानात इंधन एकाच प्रयत्नापुरतं होतं. थोरला म्हणाला, "माझ्या हातानं आणतो." आईला मुलगा घरी हवा होता. बाकी तिनं काही मागितलं नव्हतं.

आदल्या दिवशी तो माझ्यापाशी आला. "बाई, या वेळी ढकलायचं नाहीये, त्या बटणावर एखादं झाकण लावू या का? उद्यापुरतं."

"एकोणीस वर्षांनी झाकण?" मी म्हटलं. "मग पट्टीही काढू का कपाटातून?" सगळा हॉल खो खो हसला. तोही हसला आणि जाऊन खुर्चीत बसला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आई आली. काचेच्या पलीकडे पाहुण्यांची खोली होती, तिथे तिला बसवलं. आत जाण्यापूर्वी ती थोरल्याला म्हणाली, "आयुष्यात एकदा तरी त्याच्या उपयोगी पड."

असं काम मी पूर्वी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. धाकटा हळूहळू फिरत होता, एक हात वर केलेला. थोरल्यानं यान त्याच्याबरोबर तेवढ्याच गतीनं फिरवलं, इतकं जपून, की पडद्यावर दोघेही थांबल्यासारखे वाटले. जाळं अलगद उघडलं, त्याच्याभोवती गेलं, मिटलं. मी शाब्बास म्हणायला तोंड उघडलं, तोच अंगठा खाली गेला.

ना थांबला, ना अडखळला. मी त्याच्या हाताकडेच बघत होते. अडीच सेकंदांनी पडद्यावर गाठोडं यानापासून सुटून जाताना दिसलं आणि खाली नेहमीची अक्षरं आली, काम पूर्ण.

थोरला उठला, परत बसला. "बाई, परत आणा त्याला."

"कशानं आणू?"

त्यानं बाकीच्या सगळ्या यानांची अंतरं काढली. ती त्याला तोंडपाठ होती, तरी काढली. खड्ड्यापर्यंत पोचायला चाळीस मिनिटं होती आणि त्या चाळीस मिनिटांत एकही यान तिथे जाऊ शकत नव्हतं. मी मागे वळून पाहिलं. काचेपलीकडे आईनं डोळे पुसले होते. गाठोडं हललेलं तिनं पाहिलं होतं, आणि तिला वाटत होतं मुलगा घरी निघाला. तिनं थोरल्याकडे बघून हात वर केला. त्याच्यासाठी हात वर केलेला मी प्रथमच पाहत होते. त्यानंही केला. मग चाळीस मिनिटं आम्ही तिघं तो पडदा बघत बसलो.

बाराच्या सुमारास आई व्हरांड्यात आली, तसा तोही बाहेर तिच्यापाशी गेला. मी मागोमाग गेले. त्यानं आडपडदा ठेवला नाही. "आई, मी त्याला खाली टाकलं. सवयीनं अंगठा गेला."

आईला कळायला वेळ लागला. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "लहानपणी त्याची खेळणी खिडकीतून फेकायचास. तेव्हाही असंच म्हणायचास. हात लागला, पडलं."

"आई, मुद्दाम नाही गं."

"सगळा जन्म जळलास त्याच्यावर. मेल्यावर तरी सोडायचं होतंस."

तो माझ्याकडे वळला. "बाईंना विचार. त्या शेजारीच होत्या. बाई, सांगा ना हिला."

आई माझ्याजवळ आली. "बाई, तुमच्यासमोर झालं. सवयीनं झालं की मुद्दाम?"

सवयीनं, एवढा एक शब्द बोलायचा होता. पण त्याच्यामागून साहेबांचे प्रश्न आले असते. ही सवय लावली कुणी? 'नक्की?' काढलं कुणी? आदल्या दिवशी झाकण मागितलं, तेव्हा हसलं कोण? माझी तीन वर्षं नोकरी उरली होती, आणि हॉलमध्ये माझ्या शब्दाला वजन होतं. ते वजन मला त्याच्यापेक्षा जास्त प्यारं होतं. हे मी आज लिहू शकते, तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं.

"माझं लक्ष माझ्या पडद्याकडे होतं," मी म्हटलं.

आईनं मान हलवली. "मला वाटलंच," ती म्हणाली, पिशवी उचलली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेली. त्याच्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. पुढे ती सात वर्षं जगली, पण त्याच्याशी बोलली नाही.

तो माझ्याकडे बघत राहिला. चिडला असता तर बरं झालं असतं. "बाई?" एवढंच म्हणाला.

"जा, तोंड धुऊन ये," मी म्हटलं. "पुढची वस्तू बारा चाळीसला आहे."

तो गेला, आणि बारा पस्तीसला खुर्चीत येऊन बसला.