लुगडं ओळखणारी म्हैस

"डागदर, एक पाऊल म्होरं आलासा तर कुऱ्हाड घालीन!"

गोठ्याच्या दारात तात्या उभे. हातात उगारलेली कुऱ्हाड, अंगावर गुंडाळलेलं बायकी हिरवं लुगडं. आत त्यांची म्हैस दाव्याला हिसके देत होती. माझ्यामागं निम्मं गडमुडशिंगी गाव काठ्या घेऊन उभं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी जनावरांचा सरकारी डॉक्टर होतो आणि मरायची हौस मला तेव्हाही नव्हती.

म्हशीला रेबीज झाला होता. पिसाळलेलं कुत्रं चावलं की जनावरालाही तोच रोग होतो. गिळता येत नाही, लाळ गळते. बघणाऱ्याला वाटतं, घशात काहीतरी अडकलंय. मग तो बिनधास्त तोंडात हात घालतो आणि लाळेतून रोग घेतो.

"तुमी सरा बाजूला," शेजारचा एकजण ओरडला. "आमी धोंड्यानं ठेचतो तिला. पोरंबाळं हायती गावात!"

"पोरांची काळजी वाटतीया न्हवं? बरोबर हाय. मग आधी पोरं घरात न्या. म्हशीचं माझ्यावर सोडा."

कुरकुरत का होईना, लोक मागं सरले. मी बॅग खाली ठेवली आणि गोठ्यासमोरच्या दगडावर बसलो. उभ्यानं बोललं की हुकूम वाटतो.

"तात्या, लुगडं कुणाचं?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मी वळून असं बघितलं की त्याची बत्तीशी मिटली.

"कारभारणीचं," तात्या म्हणाले.

काही म्हशी एकाच माणसाच्या हाताला दूध देतात. ही तात्यांच्या बायकोशिवाय, म्हणजे काकींशिवाय, कुणाला पान्हा सोडायची नाही. काकी वारल्या आणि हिनं दूध चोरलं. शेवटी तात्या काकींचं लुगडं गुंडाळून धारेला बसले. तिनं हुंगलं आणि पान्हा सोडला. तेव्हापासून ते रोज तसेच बसायचे, आणि गाव दात काढायचं.

"रोज आठवण येती?"

"दोन टायमाला. धार काढताना." त्यांनी आत म्हशीकडं बघितलं. "मान वळवून बघती ओ, ती आल्यागत. माझ्या बायकूची वाट बघणारं दुसरं कोण ऱ्हायलंय? हिला मारल्यावर मी कुणासंगं वाट बघू?"

मी दगडावरून हललो नाही. कुऱ्हाड हळूहळू खाली आली. तेव्हा बोटाला बांधलेली चिंधी दिसली.

"तोंडात हात घातलासा?"

"घातला की सकाळी. कायतरी अडकलंय."

मी उठून उभा राहिलो. "तात्या, काही अडकलेलं न्हाय. ती पिसाळलीया, वाचणार न्हाय. तुम्ही वाचाल, आत्ता माझ्याबरोबर आलासा तर. तुम्हीच गेलासा तर काकींची आठवण कोण काढणार?"

तात्या वळले आणि लांबूनच म्हशीपुढं पदर हलवला. "ये गं बाय, ये." म्हैस पदरावरच धावून आली. दावं होतं म्हणून वाचले.

"वळकीना की ओ," एवढंच म्हणाले आणि कुऱ्हाड माझ्या हातात दिली.

तिथंच साबणानं त्यांची जखम धुतली. म्हशीला जखडून शेवटचं इंजेक्शन दिलं. गाव म्हणालं, लुगडं जाळा. मी म्हटलं, उकळत्या पाण्यात घाला, साबण लावा, कडक उन्हात टाका. तात्यांना जीपमध्ये घालून कोल्हापूरला नेलं. पोटातली सगळी इंजेक्शनं त्यांनी शिव्या देत घेतली.

पुढं एकदा दूधकट्ट्यावर भेटले. तिथं म्हशी आणून गिऱ्हाईकासमोर धार काढतात. नवी म्हैस, तात्यांच्या खांद्यावर तेच विटलेलं लुगडं.

"डागदर, ही बी वळकाय लागली," म्हणाले. तिनं काकींना कधी बघितलंही नव्हतं.

कुऱ्हाडवाल्याला आधी प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवावं. नोकरीत मी शिकलो ते एवढंच. आता आमच्या घरी खुंटीला एक शाल आहे, माझ्या बायकोची. तिची मालकीण जाऊन बरीच वर्षं झाली. जन्मभर दुसऱ्यांच्या म्हशी तपासल्या, घरची एक तेवढी पाळायला हवी होती.