आखूड पायांची निवड

जालन्यातल्या तायक्वांदो निवड चाचणीला मी माझ्या मुलीला घेऊन गेलो होतो. ती उंच, लांब पायांची, त्यामुळे प्रशिक्षकांना बघताक्षणीच आवडली. शेजारी टेंभुर्णीची एक बाई बसली होती. तिची मुलगी त्याच वजनगटातली, पण ठेंगणी आणि अंगानं भरलेली. तिच्याकडे बघून प्रशिक्षक म्हणाले, "हिचे पाय आखूड आहेत. उंच मुलींपुढं लाथ पोचायची नाही."

मुलीनं मान खाली घातली. बाई पदर खोचून उठली. "साहेब, उंची बघून झाली. मंग आता खेळवून बी बघा की!"

प्रशिक्षकांनी तिला माझ्याच मुलीसमोर उभं केलं. ती पोरगी लाथ चुकवून झपकन जवळ शिरायची. तिथं लांब पाय उचलायला जागाच उरायची नाही, आणि हिची लाथ मात्र छातीवर बसायची. लढत तिनं जिंकली. प्रशिक्षकांनी दोघींनाही निवडलं.

लेक हरली होती, तरी मी मनापासून टाळ्या वाजवल्या. बाईंना विचारलं, "कुणावर गेलीय हो पोरगी?"

माझ्या खांद्याला जेमतेम लागणारी ती बाई डोळे पुसत ताठ उभी राहिली.

"बिलकुल माझ्यावर," ती म्हणाली. "हाडापेरानं बी, अन् जिद्दीनं बी."