पट्ट्यांच्या फडक्यात ओटी

सन नव्वदच्या आधीची गोष्ट. दिवाळी झाली की धुळ्यात तिबेटी लोक स्वेटर विकायला यायचे. एका संध्याकाळी त्यांच्यातली एक बाई गठ्ठे घेऊन माझ्या दारात आली. मागची खोली हवी होती. चार घरांनी तिला नाही म्हटलेलं. माल ठेवायला जागा नाही, तर तिचा हंगामच गेला असता.

सोबत पुण्याच्या एक ताई. मुलूख सोडून आलेल्या या बायका धंदा कशा करतात, स्वतःला कुठल्या समजतात, याचा त्या अभ्यास करायच्या. असाही अभ्यास असतो, हे मला तेव्हा कळलं.

मी म्हणालो, "एकल्या बाईला खोली देत नाही." शाळा माझी दुसरीपर्यंत, पण एकदा बोललो की बोललो. गल्लीत कोणालाही विचारा.

"नाना, नवरा आहे तिला," ताई म्हणाल्या. "कर्नाटकात, त्यांच्या वसाहतीत. लेकरं सांभाळतो."

"गळ्यात मणी नाही, कपाळाला कुंकू नाही. मी काय समजायचं?"

ताईंनी तिच्या कमरेला पुढून बांधलेलं पट्ट्यापट्ट्यांचं फडकं दाखवलं. "हे त्यांच्यात लग्न झालेलीच बांधते."

"असेल. पण नवरा इथं नाही ना!"

तेवढ्यात आमची मंडळी चुलीपासून उठून आली. "पोर माहेरले एकली येत नही का? तुमनी बहीण काय बँड लावीसन येस?"

ताई तोंडाला रुमाल लावून हसल्या. लेक माहेरी एकटीच येते, हे मलाही नाकारता येईना. नियम भाडेकरूचा होता, लेकीचा नव्हता. मी खोलीचं कुलूप काढलं.

हिवाळाभर ती राहिली. भाडं मात्र न चुकता द्यायची. नको म्हटलं तरी हातात कोंबायची. हट्टी. बापावर गेलेली.

उन्हं तापायला लागली, तशी ती परत निघाली. मंडळीनं गहू, नारळ, खण काढला. ओटी घ्यायला हिला पदर कुठला? तिनं कमरेचं ते पट्ट्यांचं फडकंच दोन्ही हातांनी पुढं धरलं. ओटी त्यात भरली.

ताई वही घेऊन आल्याच होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्हारा घर कहाँ?"

"पैदा उधर हुई. ससुराल कर्नाटक," ती म्हणाली, आणि आमच्या दाराकडे मान केली. "मायका ये."

ताई भराभर लिहू लागल्या. मी म्हटलं, "लिहा. पण एकल्या बाईला मी खोली दिली नाही, हेही लिहा."